शर्यत पडद्यावरची, वाद प्रेक्षागृहातला

काही चित्रपट असे असतात की, ते पाहून बाहेर पडलेली दोन माणसे एकच खेळ पाहून आली आहेत यावर तिसऱ्याचा विश्वास बसू नये. ९ मे २००८ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेला 'स्पीड रेसर' हा त्यांपैकी एक होय. 'मेट्रिक्स'मुळे जगभर गाजलेल्या वाचोव्स्की भावंडांनी तो दिग्दर्शित केला होता. तात्सुओ योशिदा या जपानी चित्रकाराच्या, १९६० च्या दशकातील मोटारशर्यतीच्या चित्रमालिकेवर तो आधारलेला होता. सुमारे बारा कोटी डॉलर त्यावर खर्च झाले आणि साऱ्या जगातून तिकिटांचे दहा कोटीही जमले नाहीत. व्यवहाराच्या भाषेत बोलावयाचे तर चित्रपट पडला. परंतु पडलेले चित्रपट सहसा विस्मृतीत जातात. हा गेला नाही. जे विटले ते अजूनही विटलेले आहेत आणि जे लुब्ध झाले त्यांची संख्या वर्षागणिक वाढतच गेली आहे.

या चित्रपटाचे बहुतेक चित्रीकरण बर्लिनजवळच्या बाबेल्सबर्ग येथील चित्रपटनगरीत, हिरव्या पडद्यासमोर झाले. ना खरा रस्ता, ना खरा डोंगर, ना खरे आकाश. नटांच्या मागचे सारे विश्व नंतर संगणकावर रंगविले गेले आणि तेही मुद्दाम खरे न वाटेल अशा रीतीने. जवळचे व दूरचे सारे एकाच वेळी ठसठशीत दिसावे, ही त्यातली कल्पना. आपल्याकडील जुन्या लघुचित्रांत राजाच्या हातातले फूल आणि क्षितिजावरचा हत्ती सारख्याच रेखीवपणे काढलेले असतात, तसे. जांभळा, लाल, पिवळा असे रंग एकावर एक आदळतात; गाड्या धावत नाहीत, तर नाचतात, उड्या घेतात, एकमेकींना लाथा मारतात. कथा मात्र अगदी साधी आहे. एका कुटुंबाचा मोटारी बनविण्याचा घरगुती कारखाना आहे, बाप कारागीर आहे, मुलगा शर्यतपटू आहे. एक बलाढ्य कंपनी त्या मुलाला भरमसाट पैसा देऊन विकत घेऊ पाहते. तो नकार देतो, तेव्हा त्याला सांगण्यात येते की, शर्यतींचे निकाल शेअर बाजाराच्या सोयीने आधीच ठरविलेले असतात. ज्या शर्यतीत जिंकण्याला अर्थच उरलेला नाही, तीत धावायचे कशासाठी, या प्रश्नावर चित्रपट उभा आहे.

यावर जी दुफळी झाली ती समजून घेण्यासारखी आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, हे डोळ्यांना शिणविणारे आणि बुद्धीला रिकामे ठेवणारे प्रकरण आहे. मोटारींना वजन नाही, त्यामुळे अपघातात भीती नाही. भीती नाही म्हणून जिंकण्यात आनंद नाही. हा आक्षेप पोरकट नव्हे. वऱ्हाड-खान्देशात ज्याने शंकरपट पाहिला आहे, सुटलेल्या बैलजोडीची धूळ ज्याच्या तोंडात गेली आहे, त्याला ठाऊक असते की शर्यतीचा थरार वेगात असण्यापेक्षा उलटण्याच्या शक्यतेत असतो. ज्या गाडीला उलटण्याचे भय नाही तिच्या वेगाला तो टाळी का देईल? उलट, दुसरा पक्ष म्हणतो की चित्र हे चित्रच आहे, त्याने छायाचित्राची नक्कल करावी अशी सक्ती का? लहान मुलाने वहीत काढलेली मोटार आगगाडीपेक्षा मोठी असते आणि तिला कोणी खोटी म्हणत नाही. 'टाइम' साप्ताहिकाचे ज्येष्ठ समीक्षक रिचर्ड कॉर्लिस यांनी त्या वेळी याच दुसऱ्या पक्षाची बाजू घेतली होती. बहुसंख्य समीक्षक विरोधात असताना ती घेतली, हे विशेष.

आता हा वाद अमेरिकेतला, चित्रपट जपानी मुळाचा, चित्रीकरण जर्मनीतले. त्याचा जळगाव-धुळ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध दोन वाटांनी येतो. पहिली वाट विचाराची आहे आणि ती थेट धुळ्यातून जाते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा देह १९२६ साली धुळ्यात पडला, त्यांचे दप्तर धुळ्याने सांभाळले. याच राजवाड्यांनी १९०२ साली 'कादंबरी' या नावाचा निबंध लिहून अद्भुत व वास्तव अशा दोन्ही जातींच्या कादंबऱ्यांचा विचार केला होता. म्हणजे पडद्यावरील मोटारीला वजन असावे की नसावे हा तंटा मराठी वाचकाला सव्वाशे वर्षांपासून परिचित आहे. फरक एवढाच की तेव्हा तो मुक्तामाला आणि हरिभाऊ यांच्या निमित्ताने होत असे. पुढे वास्तववादाचा पक्ष शाळा-महाविद्यालयांतून इतका बळावला की, सुशिक्षित मराठी माणसाला अद्भुताची थोडी लाजच वाटू लागली. जे खरे दिसते ते गंभीर, जे खोटे दिसते ते उथळ, हे समीकरण अध्यापकांच्या खोलीत न बोलता मान्य झाले.

चित्रपटाच्या बाबतीत तर हे समीकरण मुळातच फसवे आहे. भारतीय चित्रपटाचा जनक वास्तववादी नव्हता, तो जादूगार होता. दादासाहेब फाळके यांनी आपलेच आडनाव उलटवून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने जादूचे प्रयोग केले होते. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये त्यांनी मारुतीला आकाशातून नेले, १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये स्वतःच्या मुलीला कृष्ण करून कालियाच्या फण्यांवर नाचविले. हे त्यांनी नाशिकला बसून केले, संगणक तर सोडाच, धड विजेचे दिवेही नसताना. लोकांनी ते पाहिले आणि हात जोडले. त्या वेळीही कोणी तरी 'ही पोरखेळाची करामत आहे' असे पुटपुटला असेलच. आज त्याच करामतीच्या तुकड्यांना आपण राष्ट्रीय ठेवा म्हणून जपतो.

दुसरी वाट भूगोलाची आहे. नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेले की मालेगाव लागते आणि तेथून पन्नासेक किलोमीटरवर धुळे. मालेगाव सरकारदप्तरी नाशिक जिल्ह्यात आहे. परंतु मोसम पोटात घेऊन मालेगावाहून निघालेली गिरणा पुढे जळगाव जिल्ह्यात शिरून तापीला मिळते आणि आसपासची अहिराणीही जिल्ह्याची सीमा मानीत नाही. 'स्पीड रेसर' जगात प्रदर्शित झाला त्याच २००८ साली, या मालेगावात, एक उडता नायक तयार होत होता. त्याचे नाव 'मालेगाव का सुपरमॅन'. दिग्दर्शक नासिर शेख हे मूळचे व्हिडिओ पार्लर चालविणारे गृहस्थ. त्यांनी २००० साली पन्नासेक हजार रुपयांत 'मालेगाव के शोले' काढला होता. त्यात डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून येतात आणि आगगाडीच्या जागी बस धावते. कॅमेरा सरकविण्यासाठी सायकल आणि उंच नेण्यासाठी बैलगाडी, अशी त्यांची यंत्रसामग्री. सुपरमॅनची भूमिका केली शफीक शेख या यंत्रमागावर राबणाऱ्या, काटकुळ्या तरुणाने. त्याच्या निळ्या पोशाखावरील चड्डीची नाडी बाहेर लोंबत असे. आणि त्याला उडविण्यासाठी जी युक्ती योजिली गेली ती कोणती? हिरवा पडदा. बाबेल्सबर्गला जो ताणला होता तोच.

तंत्र एकच, एका टोकाला बारा कोटी डॉलर आणि दुसऱ्या टोकाला उसनवारीचे काही हजार रुपये. परंतु प्रेक्षकांची दुफळी पाहा, तीही एकच. मालेगावच्या या उद्योगाकडे पाहून एक वर्ग खो खो हसतो आणि दुसरा वर्ग कपाळाला आठ्या घालतो. त्यात खान्देशी माणसाची स्वतःची एक जादा अडचण आहे. फैजा अहमद खान यांनी या चित्रीकरणावर काढलेला 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट देशोदेशीच्या महोत्सवांत फिरला; तेथे लोक हसले, गहिवरले, टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांत कौतुक किती आणि 'बघा हे गरीब बिचारे काय काय करतात' अशी वरून खाली पाहणारी करुणा किती, हे सांगणे कठीण. २००६ च्या व २००८ च्या सप्टेंबरात ज्या शहरात बाँबस्फोट झाले, त्या शहराचे नाव दुसऱ्या कशासाठी तरी घेतले जाते याचाच अनेकांना आनंद होता, आणि तो स्वाभाविक होता.

परंतु नासिर शेख यांच्या चित्रपटाकडे करुणेने पाहणे हा त्यांचा अपमान आहे. त्यांनी काय केले ते शांतपणे पाहिले पाहिजे. मालेगावचा यंत्रमाग शुक्रवारी बंद असतो, त्या दिवशी कामगार चित्रपटगृहात जातो. या प्रेक्षकाला काय हवे ते त्यांना नेमके ठाऊक होते. त्यांचा सुपरमॅन परग्रहावरील शत्रूशी लढत नाही, शहराच्या घाणीशी लढतो. आणि लढता लढता त्याला स्वतःलाच दम लागतो. यंत्रमागाच्या कापसाळलेल्या हवेत श्वास घेणाऱ्यांसाठी हा विनोद परका नाही. चित्रपट खोटा दिसतो, परंतु तो ज्याविषयी बोलतो ते खरे आहे. 'स्पीड रेसर'मधल्या मोटारी खोट्या दिसतात, परंतु घरगुती कारखाना आणि कंपनी यांचा झगडा खरा आहे. भुसावळ-जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील छोट्या कारखानदाराला तो समजावून सांगावा लागणार नाही. कसोटी असेलच तर ती येथे लावावयास हवी. रंग भडक आहेत की फिके, मोटारीला वजन आहे की नाही, हे प्रश्न नंतरचे.

आणि ही कसोटी दुसऱ्या बाजूलाही तितक्याच निष्ठुरपणे लावली पाहिजे. कारण 'लोकांना आवडते ना, मग झाले' हे उत्तर खान्देशात अलीकडे फार स्वस्त झाले आहे. मालेगाव, धुळे, जळगाव या पट्ट्यात यूट्यूबसाठी बनणाऱ्या विनोदी चित्रफितींचा एक मोठा व्यवसाय उभा राहिला. 'छोटू दादा' या नावाने ओळखला जाणारा कलावंत घराघरांत पोचला, कोट्यवधी वेळा त्याच्या चित्रफिती पाहिल्या गेल्या. त्याचे अंगभूत कसब कोणी नाकारू नये, वेळ साधण्याचे त्याचे भान अनेक शिकलेल्या नटांत नाही. परंतु त्यातील पुष्कळशा फितींत हशा कशावर आहे? उंचीवर. ठेंगण्या माणसाला उचलले, आपटले, पिटाळले की हसायचे. येथे रंग भडक आहे, वेग आहे, आवाज आहे. मात्र त्याखाली हात घातला तर काही लागत नाही. यावर नाराज होणाऱ्या शिक्षकाला 'तुम्हाला लोकांची चव कळत नाही' असे सुनावणे हा न्याय नव्हे. तो चव नाकारीत नाही, तो ताटात काय वाढले आहे ते विचारतो आहे.

उलट त्याच शिक्षकाने एक गोष्ट लक्षात ठेवावयास हरकत नाही. शिरपूरच्या घराण्यातली स्मिता पाटील हा खान्देशाच्या अभिमानाचा विषय. १९८२ साली तिचा 'उंबरठा' आला, जब्बार पटेलांचा. त्याच वर्षी 'नमक हलाल' आला. एकात ती महिलाश्रमाची अधीक्षक होऊन घर सोडते. दुसऱ्यात अमिताभ बच्चनबरोबर पावसात भिजत नाचते. तेव्हा दोन्ही चित्रपटांच्या प्रेक्षकांनी तिला दूषणे दिली. समांतर चित्रपटवाल्यांना तिने घात केल्यासारखे वाटले आणि पिटातल्यांना ती नाचायला अवघडलेली दिसली. आज दोन्ही भूमिका तिच्याच नावावर आहेत. कलावंताच्या आत हा तंटा इतका तीव्र नसतो, जितका तो प्रेक्षकांनी आपसांत माजविलेला असतो.

तंटा माजला तर बिघडत नाही, असे वाटण्याचे दिवस होते. कारण तेव्हा तो एका छपराखाली चाले. टॉकीजची रचनाच तशी होती. खाली पिट, मध्ये स्टॉल, वर बाल्कनी. पिटातून शिट्टी आली की बाल्कनीतून 'श्श' येई. बाल्कनीतल्या हेडमास्तरांना आपल्याच वर्गातले पोर पुढच्या रांगेत दिसे आणि पोराला मास्तर दिसत. एकच चित्रपट दोघांनी पाहिलेला असल्यामुळे दुसऱ्या दिवशी त्यावर बोलता येई. पडद्यावरच्या शर्यतीपेक्षा ही खालची ओढाताण पुष्कळदा अधिक रंगे. मास्तरांना कधी कधी चोरून हसू येई, पोरालाही कधी कधी रडू येई. अभिरुची घडते ती व्याख्यानाने नव्हे, अशा शेजाराने.

२०२३ ची दिवाळी आठवावी. १० नोव्हेंबरला सुजय डहाके यांचा 'श्यामची आई' प्रदर्शित झाला. कृष्णधवल, संथ, एकही रंग नसलेला. ज्या साने गुरुजींनी १९२४ पासून सहा वर्षे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मुले घडविली, त्यांच्या पुस्तकावरचा. याच पुस्तकावरील आचार्य अत्र्यांच्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले होते. तेव्हा अमळनेरच्या गुरुजींचा हा नवा अवतार जळगाव जिल्ह्याच्या दृष्टीने घरचेच कार्य. दोनच दिवसांनी, ऐन लक्ष्मीपूजनाला, सलमान खानचा 'टायगर ३' आला. मालेगावच्या मोहन चित्रपटगृहात नायकाने प्रवेश करताच प्रेक्षकांनी भर खेळात फटाके आणि बाण उडविले. बंद सभागृहात खुर्च्यांच्या रांगांतून ठिणग्या गेल्या, बायकापोरांसह लोक वाट फुटेल तिकडे धावले. पोलिसांत गुन्हा नोंदविला गेला आणि खुद्द नटाला 'असे करू नका' असे आवाहन करावे लागले. ज्यांनी फटाके उडविले त्यांचे समर्थन कोणत्याही रसिकतेच्या नावाखाली होऊ शकत नाही. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाच्या जिवाची किंमत ज्याला कळत नाही, तो कसला प्रेक्षक? पण विचार करण्याची बाब पुढची आहे. एकाच दिवाळीत आलेल्या या दोन चित्रपटांचे प्रेक्षक एकमेकांच्या दृष्टीसही पडण्याचे कारण उरलेले नव्हते. पूर्वीच्या टॉकीजमध्ये पिटातल्या फटाकेवाल्याचा हात धरणारा कोणी मास्तर बाल्कनीत असे. आता मास्तर तो खेळ पाहायलाच जात नाहीत.

जळगाव आणि धुळे येथील अनेक जुनी एकपडदा चित्रपटगृहे गेल्या दोन-तीन दशकांत बंद पडली. कोठे व्यापारी संकुल झाले, कोठे मंगल कार्यालय, कोठे नुसती कुलपे. जो पैसा खर्च करू शकतो तो मल्टिप्लेक्समध्ये जातो. तेथे चौघांच्या कुटुंबाचे तिकीट, मक्याच्या लाह्या आणि वाहनतळ मिळून एका कारकुनाच्या पगाराला बसणारा चिमटा लहान नसतो. जो करू शकत नाही तो मोबाइलवर पाहतो, एकटा, कानांत बोंडे घालून, मधूनच पुढे ढकलीत. त्याला शिट्टीही ऐकू येत नाही आणि 'श्श'ही नाही. 'स्पीड रेसर'सारखा चित्रपट तर हाताएवढ्या काचेवर पाहणे म्हणजे आखाजीचा झोका खिडकीतून पाहणे. मग त्यावर जे मत बनते ते त्या चित्रपटाविषयीचे मत नव्हेच. आवडले म्हणणारा आणि नावडले म्हणणारा, दोघांनीही तो पाहिलेला नसतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आणण्यात आला. त्यावरच्या तिकिटाला अठरा टक्के कायम राहिले. स्वस्त तिकिटाला सवलत देण्याचा हा हेतू योग्यच आहे. पण शंभर रुपयांच्या आतले तिकीट विकणारा पडदाच गावात शिल्लक नसेल तर ही सवलत घेणार कोण? चोपडा, पारोळा, साक्री, शिंदखेडा अशा तालुक्याच्या गावी एक बऱ्यापैकी पडदा आणि दीडदोनशे खुर्च्या उभ्या करणे नगरपालिकांना अशक्य नाही. जळगाव व धुळे या शहरांतील नाट्यगृहे वर्षातून किती संध्याकाळी रिकामी असतात याची मोजदाद महापालिकांकडे असणारच. त्यांतल्या काही संध्याकाळी महाविद्यालयांच्या हाती दिल्या, एका शनिवारी 'श्यामची आई' आणि पुढच्या शनिवारी एखादा धडाकेबाज शर्यतपट, तिकीट पन्नास रुपये, असा क्रम ठेवला, तर बिघडणार काही नाही. पहिल्या शनिवारी मागच्या रांगा जांभया देतील, दुसऱ्या शनिवारी पुढच्या रांगा उठून जातील. एखाददुसरा मात्र बसून राहील.

२०१२ च्या जून महिन्यात 'सुपरमेन ऑफ मालेगाव' भारतात प्रदर्शित झाला, तो मोठ्या शहरांतील मोजक्या मल्टिप्लेक्समध्ये. शफीक शेख तोपर्यंत कर्करोगाने वारले होते. २०२५ च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांनी याच मंडळींवर काढलेला 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला आणि त्यात नाडी लोंबणारा तो सुपरमॅन शशांक अरोरा या नटाने पुन्हा एकदा उडविला.